ड तुकडी

२ मार्च
सफरचंदं सहा – एकशे ऐंशी. डाळिंबं दोन – नव्वद. मोसंबी डझनभर – शंभर. सगळं धाकट्या जावेसाठी! मला 'ब' कावीळ निघाली तेव्हा कुणी लिंबू तरी चिरलं होतं का? सासूबाई म्हणाल्या होत्या, "गोळी घे नि कामाला लाग." लागले. अजून लागलेलीच आहे.
धाकटीलाही तीच ब. पण डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त पुन्हा तपासलं, त्यात 'ड' निघाली. झालं! महाराणी पलंगावर.

५ मार्च
शाळेत अ तुकडी हुशारांची, ब बऱ्यांची, ड म्हणजे मागच्या भिंतीला टेकून पेंगणाऱ्यांची. मी मॅट्रिक ब तुकडीतून झालेय. मग ड कावीळ ती केवढीशी असणार! हे म्हणतात, "अगं, तिला दोन-दोन आहेत." म्हणजे यातही तिला माझ्यापेक्षा एक जास्त! बांगड्यांच्या वेळी तेच झालं होतं.

६ मार्च
जपात लक्ष नाही. सासूबाई तिचे केस विंचरत होत्या. माझ्या डोक्याला कधी हात लावला नाही हो! देवा, क्षमा कर – पण बघतोस ना तू?

९ मार्च
धाकटीला दवाखान्यात मीच नेलं. दुसरं कोण मोकळं असतं? डॉक्टरीणबाईंना ऐकवलंच – "ड म्हणजे शेवटची तुकडी ना? त्याचं एवढं काय?"
त्या हसल्या नाहीत. "बाई, ड एकटी जगतच नाही. ज्याच्या अंगात ब, त्याच्याकडेच ती बिऱ्हाड करते. आणि दोघी एकत्र नांदल्या की लिव्हर फार लवकर खराब होतं." मग माझ्याकडे बघून – "तुम्हालाही ब आहे ना? ड तपासली कधी?"
म्हटलं, मला काही होत नाही, उगाच खर्च.
धाकटी पटकन म्हणाली, "जाऊबाई, द्या की रक्त. मलाही काही होत नव्हतं."
तिच्यादेखत मागे कशी हटणार? दिलं.
बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. चिमणीएवढं वजन राहिलंय. तरी मनात आलंच – खांदा माझा, कौतुक हिचं!

१२ मार्च
धाकटी माहेरी गेली. तिकडे मोठ्या दवाखान्यात आठवड्याला एक सुई, महिनोन् महिने. सासूबाई दारात उभ्या राहून रडल्या. टोपलीत उरलेलं सफरचंद मीच खाल्लं. गोड लागलं नाही.

१६ मार्च
रिपोर्ट आणला. घरात कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंना तर नाहीच. धाकटीला पत्र टाकलं, तेवढंच इथे उतरवते –
"मीही ड तुकडीत आले गं. तू आधी पोचलीस, तेव्हा बाकावर माझी जागा धर. सुई फार दुखते का, ते उलट टपाली कळव."