विकत घेतलेला नाला

मुंबई,
४ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
विनिताचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हे कुरियरने पाठवते. अंबरनाथच्या आपल्या खिडकीतून काढलेलं नाल्याचं चित्र विकलं गेलं. प्रदर्शनात लोक म्हणायचे, जांभळा काय सुंदर लागलाय! तो आमच्या नाल्याचा रोजचा रंग आहे, हे सांगायचं मला धाडस झालं नाही. चित्रात केमिकल ओतणारा टँकर आहे. त्याचा नंबर मी दिसला तसा रंगवला होता.

घेणाऱ्याने नाव सांगितलं नाही. चित्र लावायचं नाही, गुंडाळूनच ठेवायचंय, म्हणाला. कुठल्या खिडकीतून काढलं तेही विचारलं आणि गॅलरीच्या सोनियाने कौतुकाच्या भरात तुमच्या घराचा पत्ता दिला. चित्र विकत घेऊन गप्पही करता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. काल पेढे वाटले, आज हे पत्र लिहितेय. तुम्ही लगेच वांगणीला कमळाआत्याकडे जा.

जिवाला जपा, माझ्यासाठी.
तुमची विनिता

अंबरनाथ,
९ फेब्रुवारी

चि. विनितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचण्याआधीच दोघे येऊन गेले. भर दुपारी, गोड बोलत. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर एकाने कागदावर लिहून विचारलं, पोरगी मुंबईत एकटीच राहते का. तुला खोटं कशाला सांगू, मी घाबरलो; त्यांनी मागितली तशी तुझी स्केचची वही देऊन टाकली. दोन दिवस घराबाहेर पडलो नाही.

मग प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात गेलो. टँकरचा नंबर मला पाठच आहे. अर्ज माझ्या नावाने दिला, तुझं नाव कुठे घातलं नाही. सतराला, सोमवारी, साहेब घरी जबाब घ्यायला येतील, म्हणून वांगणीला जात नाही. तू मात्र इकडे फिरकू नकोस.

रागावू नकोस, बाळा.
तुझा बाबा, सुदाम

मुंबई,
१२ फेब्रुवारी

ती. बाबांस जयभीम.

वहीचं मनाला लावून घेऊ नका. मी असते तर खिडकीसकट दिली असती. सोनियाने माफी मागितली, आणि वर म्हणाली, त्याच गिऱ्हाइकाला आणखी दोन चित्रं हवीत. शहराचीच, पण गाड्या नसलेली. मी नाही म्हटलं. घरी येऊन दाराची कडी तीनदा तपासली.

बाबा, मी रविवारी येतेय. नंबर तुम्हाला पाठ असेल, पण टँकर रिकामा होताना तासभर बसून मी पाहिलाय. साहेबांचे प्रश्न तुम्हाला लिहून दाखवीन आणि तुमच्यामागून माझाही जबाब देईन. ब्रश अजून हातात धरवत नाही. सही करण्यापुरतं पेन धरवेल.

माया असू द्या.
तुमची विनिता