हात वर केलेला माणूस

५ डिसेंबर, शुक्रवार
दोह्यात येऊन आज नववा दिवस. ओल्ड एअरपोर्ट भागात खोली मिळाली. खाली केरळी माणसाचं चहाचं दुकान आहे आणि देव ठेवायला पूर्वेची खिडकी मिळाली, म्हणजे माझं सगळं झालं. काम तेच, जे सिन्नरकडे पंचवीस वर्षं केलं. जमीन मोजायची, रेष आखायची. तिथे बांधावरून भांडणारी दोन घरं समोर उभी असायची, इथे कुणीच नसतं. एवढं मोकळं रान मी कधी पाहिलं नव्हतं. मन हलकं झालं.

आज रियाजभाईंची ओळख झाली. मूळचे श्रीवर्धनचे, वीस वर्षं इथे आहेत, कंपनीची पिकअप चालवतात. ते एका हौशी मंडळात आहेत. दक्षिणेला वाळूच्या टेकड्यांमधून खाडीपर्यंत गाड्यांची वाट जाते. उन्हाळ्यातला वारा ती पुसून टाकतो आणि हिवाळ्यात हे लोक दर शुक्रवारी जाऊन पुन्हा खुणा रोवतात. पगार नाही, बिर्याणी मिळते, असं ते म्हणाले. मी लगेच होकार दिला. उल्काला फोनवर सांगितलं तर म्हणाली, तिकडेही लोकांचे बांधच घालताय का.

१२ डिसेंबर, शुक्रवार
पहिला दिवस छान गेला. मंडळाचं सगळं पूर्णिमाताई बघतात. पुण्याच्या, तेल कंपनीत इंजिनीअर. यादीत चाळीस नावं आहेत, आलो सहाजण. त्या म्हणाल्या, हे नेहमीचंच. लोकांना वाट हवी असते, वाळू उपसायला कुणालाच नको असतं.

डांबरी रस्ता संपला की टायरमधली हवा कमी करायची आणि आत शिरायचं. गेल्या वर्षीचे निम्मे लोखंडी पाइप वाळूखाली गेलेत, काही हिवाळी मुक्कामाला येणाऱ्या तंबूवाल्यांनी उपटून नेलेत, दोन उंटांनी अंग घासून वाकवलेत. फोनवरचा नकाशा गेल्या वर्षीची वाट दाखवतो, पण टेकडी मधल्या काळात सरकलेली असते. म्हणून दरवर्षी नव्यानेच आखावं लागतं.

पद्धत साधी आहे. एकजण पुढे जाऊन उभा राहतो आणि उजवा हात वर करतो. हात वर म्हणजे रेष बरोबर, पायाखालची जमीन पक्की. गाडीवाला दोनदा भोंगा वाजवून हात दिसल्याचं कळवतो आणि त्या माणसावर नजर ठेवून पाइप रोवत पुढे येतो. माणूस दिसत नसेल तर गाडी हलवायची नाही. हा नियम कुणीही मोडत नाही. कारण डाव्या अंगाला सबखा आहे. मिठाचं सपाट मैदान, वरून फरशीसारखं कडक आणि खाली चिखल. पूर्णिमाताई म्हणाल्या की तिथे गेलेली गाडी क्रेननेही निघत नाही.

पाइपाच्या टोकाला भगवं फडकं बांधायचं काम मी घेतलं. माझी गाठ आमच्या मोजणीवाल्यांची, वाऱ्याने सुटत नाही. पहिला पाइप रोवताना भैरोबाला हात जोडले. सरळ रेष आखणं हे मला नेहमी खरं बोलण्यासारखं वाटत आलं आहे.

२ जानेवारी, शुक्रवार
आज एक चूक झाली. सविस्तर लिहून ठेवतो.

दुपारी अडीचचा सुमार. हवेत धूळ होती. शेवटच्या मोठ्या टेकडीच्या वळणावर रियाजभाई पुढे जाऊन उभे राहतो म्हणाले. थोड्या वेळाने लांबवर माणूस दिसला, हात वर. मी भोंगा दोनदा वाजवला आणि त्याच्या रोखाने सहा पाइप रोवले. सातवा हातात घेतला तेव्हा मागून रियाजभाईंनी खांद्यावर हात ठेवला. ते पुढे गेलेच नव्हते. टेकडीआड जाऊन नमाज पढत होते.

पुढे पाहिलं तर कुणी नाही. ताईंनी जीपीएस यंत्रावर पाहिलं. माझी ओळ वाटेपासून साडेतीनशे मीटर डावीकडे गेली होती. सहावा पाइप सबखाच्या काठावर.

रियाजभाई हसून म्हणाले, "मोजणीवाल्याची नजर अशी हुकायला लागली तर अर्ध्या तालुक्याचे बांध सरकले असतील की वो, राजाभाऊ."

सगळे हसले. मीही हसलो. कुणी तंबूवाला असेल. सहाही पाइप उपटून वाट नीट आखली. पण पंचवीस वर्षांत मी माणूस ओळखायला चुकलो नव्हतो.

९ जानेवारी, शुक्रवार
उपटलेले ते सहाही पाइप पुन्हा तिथेच उभे आहेत. आणि पुढे आणखी तीन, सबखाच्या आत.

ताईंचं म्हणणं, कुणीतरी चेष्टा करतंय. असेल. पण चेष्टा करणाऱ्याच्या पायांचे ठसे असतात, चाकांच्या खुणा असतात. त्या तिन्ही पाइपांभोवतीचं मीठ कोरं आहे, कुठे तडासुद्धा नाही. काठावरच्या पाइपांची फडकी मी सोडून पाहिली. गाठ माझीच. इथे ती दुसऱ्या कुणाला येत नाही.

आतले तीन रियाजभाईंनी दोरीचा फास टाकून ओढून काढले. वाटेसाठी आणलेल्यांतले चार नवे उरले होते, तेही सोबत घेतले. एकूण तेरा पाइप ताईंच्या गॅरेजमध्ये ठेवून कुलूप लावलं.

१६ जानेवारी, शुक्रवार
आज तो दिसला. दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, सबखाच्या मध्यावर. हात वर.

आम्ही जेवायला बसलो होतो. मी घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं तो हात तसाच होता. माणसाचा हात पाच मिनिटांत थरथरतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. रियाजभाईंनीही पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "भोंगा वाजवू नका. त्याला वाटेल आपण बघितलं."

परत येताना त्यांनी सांगितलं. पूर्वी एकजण असाच खूण धरून उभा राहिला होता. गाडीवाला धुळीत वाट चुकला आणि परत आलाच नाही. नियम होता, गाडी येईपर्यंत हात खाली करायचा नाही. तो सापडला का, हे मी विचारलं. त्यांनी रेडिओ लावला.

१९ जानेवारी
काल उल्का आली. तिळगुळाचे लाडू, माझे लोकरी मोजे, गावच्या ग्रामदेवतेचा अंगारा. खोली भरल्यासारखी वाटते. येत्या शुक्रवारी, रथसप्तमीच्या आधी, महाराष्ट्र मंडळाची सहल आहे. चौदा गाड्या, बायकांचं हळदीकुंकू खाडीच्या काठावर. उल्काची जागा पहिल्या गाडीत, रियाजभाईंच्या शेजारी.

मी ताईंना म्हटलं, रद्द करा. त्यांनी कारण विचारलं. मी धुळीचं निमित्त पुढे केलं.

२१ जानेवारी
ठरलं असं. वाट उजवीकडचीच, जुनी. मी पिकअप घेऊन आधी जायचं, वळणावर उभं राहायचं आणि हात वर करायचा. मी स्वतः उभा असलो की चूक होणार नाही, असं मीच बोललो. गॅरेजचं कुलूप पाहून आलो. पाइप आत आहेत. मोजले, तेरा.

२२ जानेवारी
उल्का विचारते, झोपेत उजवा हात वर का धरता.

२३ जानेवारी, शुक्रवार. सकाळी सात
दाट धुकं. वळणावर आलो. पाइप उभे आहेत. डावीकडे, थेट आत. तेरा.

गाड्या आठला निघतील. इथे फोन लागत नाही. उपटतो सगळे.

सात पन्नास
नऊ उपटले. उरलेले चार आत आहेत. तेवढ्यासाठी जायला नको होतं. मीठ फुटलं. मांड्यांपर्यंत रुतलो आहे. हललं की आणखी खाली. पिकअप मागे टेकडीआड आहे.

ओरडून घसा गेला. धुकं आवाज गिळतं.

नऊ वाजत आले
इंजिनांचा आवाज. वळणावर थांबली. धुक्यात उजवीकडचे पाइप दिसत नाहीत, माणूस नाही, म्हणून थांबली. नियम आहे. रियाज नियम मोडणार नाही.

हात हलवावासा वाटतो. हलवला तर ते मला पाहतील आणि म्हणतील, राजाभाऊ उभे आहेत, जमीन पक्की आहे. म्हणून वाकून बसलो आहे, छाती मिठावर. लिहितो आहे. हात वहीवर असले की वर जाणार नाहीत.

पाठीला गार लागतंय. मागे वळून बघत नाही.

देवा, त्यांना मागे फिरव. उल्का पहिल्या गाडीत आहे. मी इथेच राहिलो तरी चालेल —

धुकं वरून विरळ होतंय. होऊ नको —

भोंगा.

दोनदा.

दोनदा म्हणजे हात दिसला. पण मी वाकलेलो आहे. माझे दोन्ही हात या वहीवर आहेत, मला दिसताहेत, दोन्ही —

गाड्या निघाल्या. इकडेच. मीठ कडकडतंय. रियाज, थांब, माझ्या मागे जो उभा आहे तो मी ना