श्रेयसचा नंबर जूनमध्ये

बोरिवली, ५ मार्च २०२२

ती. ताईस,
सा. न. वि. वि. फोनवर आपल्या दोघांची जीभ घसरते, म्हणून पत्र.

श्रेयस दहावी परीक्षेविना घरबसल्या पास झाला, पण अकरावीचं कॉलेज उघडलं तेव्हा गेटवरूनच परत आला. तेव्हापासून खोलीत. ताट दाराशी ठेवावं लागतं. परवा आईला, अस्मिताला म्हणाला, मी नसलो तर तुमचं काय अडणार आहे?

तुझ्या समुपदेशन केंद्रात फोन केला, तर जूनचा नंबर देतात. सख्ख्या आत्याच्या दारात माझ्या मुलाने रांग लावायची? याच आठवड्यात त्याला बघ.

अस्मिताने नमस्कार सांगितलेला नाही, तो मीच पदरचा घालतो.

तुझा,
देवदत्त

घाटकोपर, ८ मार्च

चि. देवदत्तास,
अ. उ. आ.

लॉकडाऊनच्या गणपतीत, व्हिडिओवर आरती चालली असताना, मी म्हटलं होतं की पोरगा ठीक दिसत नाही. तेव्हा तू सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालास, ताईचं दुकान चालत नाही, म्हणून घरातच गिऱ्हाइकं शोधते. खरंच चालत नव्हतं रे. दुपारभर पेपर वाचत बसायचे. आता पाणी प्यायला उसंत नाही. कोविडने पोरांची अशी वाट लावली आहे की मी आणि माझ्या मदतीला असलेली नलिनी, दोघीच कुठे पुरणार? चेंबूरची एक मुलगी डिसेंबरपासून थांबली आहे. तिला मागे ढकलून तुझं वरातीमागून आलेलं घोडं पुढे घेणार नाही.

पण श्रेयस जे बोलला, त्यावर जूनपर्यंत थांबायचंच नसतं. उद्याच्या उद्या त्याला सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत ने. तिथे त्याच दिवशी बघतात. माझ्यावर हवा तेवढा चिडून ने, पण ने.

वसुधाताई

बोरिवली, १२ मार्च

ताई,
ओपीडीत? अस्मिताचा मावसभाऊ तिथेच नोकरीला आहे. त्याने पाहिलं तर कांदिवलीपासून कणकवलीपर्यंत बातमी जाईल. तुला मूल नाही, म्हणून असले सल्ले सुचतात. परकी पोरं सांभाळ आणि सुखी राहा. लोभ होता तेवढा पुष्कळ झाला.

देवदत्त

बोरिवली, १३ मार्च

प्रिय आत्या,
नमस्कार. तुझं पत्र फ्रीजवर पडलं होतं, मी वाचलं. बाबा रोज तुला शिव्या देतात, आई रडते, आणि माझ्याशी कोणीच काही बोलत नाही. मला तुझा राग येतो. बाबांचा जास्त येतो.

चेंबूरच्या मुलीचा नंबर मला नको. मी ओपीडीत जायला तयार आहे. पण एकट्याने लिफ्टपर्यंतसुद्धा जमत नाही. काय करू ते मला सांग, बाबांना नको. हे पत्र वॉचमनकाकांना वर बोलावून त्यांच्या हाती पाठवतोय.

श्रेयस

घाटकोपर, १४ मार्च

चि. श्रेयस,
अनेक आशीर्वाद आणि एक शाबासकी. कुरिअरवर भरवसा नाही, म्हणून हे माणसाबरोबर पाठवतेय.

उद्या सकाळी मी येते. समुपदेशक म्हणून नाही, आत्या म्हणून. खाली उतरायची गरज नाही, मी वर येईन. तुझी आई दार उघडणार नसेल, तर जिन्यात बसेन आणि उघडेपर्यंत उठणार नाही. बाबाची सही लागली तर ती त्याच्याकडून मी घेईन. ते भांडण माझं, तू त्यात पडू नकोस.

माझा राग खुशाल कर. रिक्षात बसल्यावर सगळा काढ, मी ऐकून घेईन.

आज रात्री मात्र एकटा झोपू नकोस. आईच्या खोलीत गादी टाक. कारण विचारलं तर हे पत्र तिला दे.

तुझी,
आत्या