धागा की मशीन

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या ऑपरेशन थिएटरमधून जायचं नाव घेत नाही. वैताग आलाय मला. थायरॉइडसाठी मान उघडली, रक्तवाहिनी चिमट्यात धरली, की तुमचा आवाज कानात येतोच: "गाठ मारतीस का वेणी घालतीस, पोरी?" सगळ्या बॅचसमोर बोलला होतात. दुसऱ्या दिवशी रंकाळ्याजवळच्या तुमच्या घरी बोलावून रेशमी धाग्याचं रीळ हातात दिलंत आणि स्वयंपाकघरात कपाच्या कानाला गाठी मारत बसवलंत. काकू ओरडतायत, "अवो, तिला च्या तरी पिऊ द्या!" आणि तुम्ही म्हणताय, अजून वीस.

आता मशीन आलंय. टोकात वाहिनी पकडायची, बटण दाबायचं. ती शिजून बंद होते आणि कापलीही जाते. निम्मा वेळ वाचतो. माझा ज्युनिअर म्हणतो, "मॅडम, धागा म्युझियमला द्या की आता." मी भांडते. आवाजाच्या नसेजवळ मशीनची उष्णता नको, तिथं धागाच, हे माझं पालुपद. म्हणजे तुमचंच. आणि तुमचं ते दुसरं खूळ! मान शिवण्याआधी भूलतज्ज्ञांना पेशंटची छाती हवेनं भरून धरायला लावायची, लपलेली गळती दिसते म्हणून, आणि मग हाताची घडी घालून पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. आम्ही चुळबुळ केली की, "रक्ताला घाई न्हाय, तुला कसली हाय?"

गेल्या मंगळवारी आजऱ्याची एक बाई होती, काजूच्या कारखान्यात बिया फोडणारी. सगळ्या वाहिन्या मशीननं बंद केल्या, नसेजवळची एक तेवढी धाग्यानं बांधली. मान कोरडी दिसली, शिवून टाकली. दुपारी वॉर्डातून सिस्टर धावत आली. जाऊन बघते तर बाईंची मान फुगलेली, श्वास अडकलेला, डोळे माझ्यावर. खाटेवरच टाके तोडले, साचलेलं रक्त काढलं, तशीच थिएटरात नेली. वाचली. आवाजही वाचला.

आत मशीननं बंद केलेलं सगळं जागच्या जागी होतं. सुटली होती ती माझी गाठ. कुणाच्या लक्षात यायच्या आत मी ती पुन्हा बांधली आणि विभागाच्या बैठकीत सांगितलं, मशीनचा दोष. गाठ सुटली म्हटलं असतं तर धाग्याचा निकालच लागला असता. तुमच्यासाठी खोटं बोलले, सर! वारलेल्या माणसाची बाजू राखायला! त्या बाई तर माझीच समजूत घालत होत्या: "मशीनच ते, बिघडायचंच की. तुमच्या हातानं वाचले बघा मी." त्यांच्याकडे मला बघवेना.

सोमवारी त्या तपासायला येतील, तेव्हा खरं सांगणार आहे. त्यांना आणि ज्युनिअरलाही. त्याला काय हसायचं ते हसू दे. हा कागद कुठं पाठवणार? तुमचं रीळ ज्या डब्यात आहे, त्यातच ठेवते.

पण धाग्याला तरी का बोल लावू? तुमच्या हातची गाठसुद्धा कधीतरी सुटायची. म्हणून तर थांबायचात. मंगळवारी बाहेर अजून दोन पेशंट खोळंबले होते. मी थांबले नाही, सर. एक मिनिटसुद्धा नाही.