आलो, तू मोकळा

२ डिसेंबर २०२४

परत नापास! पेपर नाही, विषयच नापास. 'सुरतेतील लूम कामगारांचे जीवन' — सुलभा मॅडमनी कागद वाचला आणि तसाच परत दिला. "चंचल, हा विषय नाही, अख्खं कपाट आहे. मला एक प्रश्न आण. ज्याचं उत्तर तुला स्वतःलाच माहीत नाही असा."

वीस जानेवारीपर्यंत प्रस्ताव. नाहीतर प्रबंध पुढच्या वर्षी. आणि पुढचं वर्ष मला देतंय कोण? काका अमळनेरचं स्थळ घेऊन टपलेतच.

५ डिसेंबर

काही सुचत नाही. शून्य.

९ डिसेंबर

सुचलं! तेही जेवताना! आप्पांनी हवेत चिमटीने दोरा ओढल्यासारखं केलं आणि आईने मुकाट वाटी बदलली — भाजीत केस होता. कारखान्यात तीच खूण 'तार तुटली' म्हणून करतात. तीस वर्षं लूमवर काढून आप्पांचे कान निम्मे गेलेत. मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकूच येत नाही, सगळे हातांनीच बोलतात, आणि तेच घरी येतं. आमच्या अख्ख्या बमरोलीत घरोघरी हे चालतं आणि मी बावळट ग्रंथालयात बसून विषय शोधत होते.

मॅडम म्हणाल्या, "आता कुठे जीव आला. खुणा जमव. प्रश्न त्यातच असेल."

१७ डिसेंबर

एकोणीस खुणा झाल्या. शेठ आला — मिशीला पीळ. (शेठला मिशीच नाही!) प्रस्तावाचा फॉर्मही अर्धा भरला. 'संशोधकाचा विषयाशी संबंध' या रकान्यात लिहिलं — 'नाही'. मी कारखान्यात पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. शिवाय तटस्थ दिसतं.

एक खूण मात्र अडली. आप्पा घरी आले की दाराशेजारच्या कोपऱ्याकडे बघून दोन बोटं स्वतःच्या खांद्यावर दोनदा टेकवतात. तिथे कानबाई देवीचा फोटो असायचा, म्हणून लहानपणापासून मी तो नमस्कारच समजत आले. पण दिवाळीच्या रंगकामात फोटो आतल्या खोलीत गेला. कोपरा रिकामा आहे. आप्पा तरी करतात.

विचारलं. "काही नही माय. सवय शे."

२३ डिसेंबर

आप्पांचे जुने सोबती सुपडूकाका. त्यांना खूण करून दाखवली. ते लगेच म्हणाले, "आलो, तू मोकळा."

शेजारच्याला मशीनं सांभाळायला सांगून कोणी बाहेर गेलं, तर परत आल्यावर त्याने ही खूण करायची. ती मिळेपर्यंत शेजाऱ्याने हलायचं नाही. "मंग आग लागो—" म्हणाले आणि चहा तसाच टाकून उठले.

मग आप्पा रोज त्या कोपऱ्यात कोणाला मोकळं करतात?

२४ डिसेंबर

आज आप्पा आले तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. तरी कळलं. चप्पल काढायच्या आधी त्या खुणेला थोडा वेळ जातो ना, तेवढा आज आतूनही मोजता आला. भीती वाटली. स्वतःच्या घरात!

४ जानेवारी २०२५

मॅडम खूश. "हाच तुझा प्रश्न. खूण मिळेपर्यंत माणूस का थांबतो? खरंच कोणी थांबलेला असेल तर शोध."

११ जानेवारी

शोधलं. उगीच शोधलं.

आनंदा नाव होतं त्याचं. आप्पांच्या शेजारच्या मशीनांवर. आप्पा 'तासाभरात येतो' म्हणून गेले ते तीन तास आलेच नाहीत. तेवढ्यात आग लागली. सगळे पळाले. "तो नही पळना," सुपडूकाका म्हणाले, "सुकलाल यायचा व्हता ना." सुकलाल म्हणजे माझे आप्पा. आप्पा पोचले तेव्हा आनंदा बाहेर चादरीखाली होता.

तीन तास कुठे होते आप्पा? सुपडूकाका म्हणाले, "ते बापाले इचार."

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळी गल्ली पतंग उडवायला गच्चीवर, नुसती बोंबाबोंब. आप्पा खाली एकटे. तीन दिवस मी त्यांच्याशी बोललेले नाही. दारू प्यायला गेले असतील? पत्त्यांचा अड्डा? माझे आप्पा! तोंडावर विचारायची हिंमत होत नाही आणि न विचारता घास उतरत नाही. त्यांनी विचारलं, "काब्र रुसनी?" मी पतंगाचं काहीतरी बोलले.

आता मलाही तो कोपरा रिकामा दिसत नाही. येता-जाता अंग चोरून जाते.

१९ जानेवारी

आज मला बावीस पूर्ण. आईने शिरा केला. आप्पा दरवर्षीसारखेच नेमके आज ओव्हरटाइमला. शेवटी आईलाच विचारलं — आग लागली त्या दिवशी आप्पा कुठे होते?

आईने गॅस बंद केला. "दवाखान्यात. माझ्यापाशी. तू अडली होतीस. मी म्हटलं जा, तर म्हणाले, लेकराचं तोंड पाहूनच जातो."

उद्या प्रस्ताव द्यायचाय. फॉर्म समोर आहे. 'विषयाशी संबंध' या रकान्यात मी 'नाही' लिहिलंय.