भिंतीवरचं शेवटचं अक्षर

लालबाग, जानेवारी १९५६

बाबा, इतकी वर्षं एक ओळही लिहिली नाही, राग मानू नका. आजही भीतीपोटीच लिहिते आहे. आपला धाकटा, माझा भाऊ, परवा सभेला गेला तो परतला नाही. गोळीबार झाल्याचं कळलं, मग संचारबंदी लागली.

तुम्ही माझगावच्या गोदीत बोटींवर नावं रंगवायचात. सगळे खलाशी वर चढल्याशिवाय शेवटचं अक्षर भरायचं नाही, हा तुमचा नेम. घरीही तेच. सकाळी निघताना उंबऱ्याशी खडूनं एफ आणि ए काढायचात, संध्याकाळी सगळे आत आले की आर. 'फार'. इंग्रज खलाशी म्हणाला होता, याचा अर्थ दूर. स्वीडनचा म्हणाला, बाप. रुमानियाचा म्हणाला, दीपगृह. "तिघं कशाला खोटं बोलतील? तिन्ही ठेवू," तुम्ही म्हणायचात. आई शेगडीजवळून टोमणा मारायची, "आणि मराठीत फार म्हणजे फार." पुढे कॉलेजात कळलं, त्या तिघांची मुळंही निराळी. एक आपल्या 'पर'च्या कुळातलं, एक 'पितृ'च्या, एक कुठल्याशा बेटाच्या नावावरून आलेलं. सांगायला तुम्ही नव्हतात. बोटीला टांगलेल्या फळीवरून पाण्यात पडलात, सापडलाच नाहीत. उंबऱ्याशी राहिलेली दोन अक्षरं आईनं पुसू दिली नाहीत. धाकटा चालायला लागण्याआधीच ती पायांखाली झिजून गेली. त्याला यातलं काहीच कुणी सांगितलेलं नाही.

आज सकाळी गॅलरीत आले, तर समोर गिरणीच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलंय, 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहि'. पुढे कोरं. शेजारच्या मालवणी काकू कठड्याशी उभ्या होत्या.

"काल सांजेक भिंत कोरी होती गो. रस्त्यार कुत्रां नाय, मग ह्यां लिवल्यान कोणी?"

"माहीत नाही."

"पेंटर अर्ध्यार जेवूक गेलो वाटता." त्या हसल्या, मग माझ्याकडे बघून आत गेल्या.

धाकट्याचं अक्षर मीच गिरवून घेतलंय. हे त्याचं नाही. 'ह'ची शेपटी मागे वळवून वर नेलीय. माझ्या पाटीवर तुम्ही काढायचात, तशी.

पोलीस आले असतील, लिहिणारा पळाला असेल, असं मी स्वतःला बजावते. वर्गात पुराव्याशिवाय काही मानू नका म्हणणारी मी. पण दुपारपासून तिथंच बघत बसले आहे, आणि भीतीइतकाच धीरही वाटतोय. अक्षर राहिलंय, म्हणजे कुणीतरी अजून धाकट्याची वाट बघतंय.

हे पत्र वहीतच राहील. काकूंना 'माहीत नाही' म्हणाले, ते खरं नव्हतं. आणि मघाशी उंबऱ्याशी खडूनं दोन अक्षरं काढली.

उद्या: 'जे'पुरता चुना भिजत घालणे.