चेलोवरचा भंडारा

भांडगाव, ता. दौंड
६ नोव्हेंबर २००४

चि. धनश्रीस,

कुशाआत्याचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. माझे गुडघे तेवढे दुखतात, पण जन्मभर प्राथमिक शाळेत उभं राहून शिकवल्यावर (आणि त्यातली निम्मी वर्षं पोरांना चिंचेवरून खाली उतरवण्यात घालवल्यावर) ते दुखणारच. तू कशी आहेस? मुंबईत वेळेवर जेवतेस ना? गुडघ्यांत ते धूड धरून तासन्‌तास वाजवायचं तर अंगात बळ हवं. तुला साजूक तूप पाठवणार होते, पण फेब्रुवारीपासून तुझा फोनच नाही, तेव्हा ते मीच संपवलं.

फोन का नाही ते मला ठाऊक आहे. पुण्याच्या कार्यक्रमात तुझ्या बापाने जे केलं त्यानंतर कुणीही बोलणं टाकलं असतं. हनुमंत माझा पाठचा भाऊ असला तरी मी त्याची बाजू घेणार नाही. परदेशातून एवढा मोठा ऑर्केस्ट्रा आलेला, त्यांच्या शेजारी मुंबईचा आपला ऑर्केस्ट्रा बसलेला, आणि सगळ्यांच्या पुढे एकटी तू, आपल्या भांडगावची! आम्ही शिरूरहून टेम्पो मागवून एकोणीस माणसं आलो होतो. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलंस ही मात्र तुझी चूक. पहिला भाग संपला, तू डोळे मिटून गज उचललास, सगळं सभागृह चिडीचूप. आणि त्या शांततेत ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं!’ अशी आरोळी उठली आणि ओंजळभर भंडारा उधळला गेला. तुझ्यावर, चेलोवर आणि त्या काठीवाल्या गोऱ्या साहेबाच्या काळ्या कोटावर. साहेब शिंकला तशी हातातली काठी हलली, आणि मागच्या ढोलवाल्याने इमानाने एक दणका दिला. (पुन्हा शिंकला, पुन्हा दणका. माणूस आज्ञाधारक होता.) हळद तारांवर बसली, गज घसरायला लागला आणि चेलो पुसेपर्यंत कार्यक्रम पंधरा मिनिटं थांबला.

नंतर तू आम्हाला आत बोलावून विचारलंस, कुणी टाकला? हनुमंत मान खाली घालून म्हणाला, “म्या टाकला, बाय.” तू म्हणालीस, “यापुढं माझ्या कार्यक्रमाला येऊ नका, आबा.” योग्यच बोललीस. अशा माणसाला सभागृहात नेऊच नये.

पण खरं सांगू का, मूळ दोष त्या ब्रगांझा साहेबांचा. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तुमच्या शेजारी राहायचे. निवृत्तीला आलेले गार्ड, एकटा जीव, संध्याकाळी दारात चेलो घेऊन बसायचे. (मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ती सारंगीची थोरली बहीण वाटली.) नव्वद साली तुझी आई गेली. आठ वर्षांची तू रडायला लागलीस की हनुमंत तुला उचलून त्यांच्या पायरीवर नेऊन बसवायचा, आणि तू गप्प व्हायचीस. एक दिवस साहेबांनी लहान मापाचा चेलो तुझ्या हाती दिला. मला वाटलं, चार दिवसांत कंटाळेल पोर. पण मेच्या सुट्टीत तू माझ्याकडे आलीस ती चेलोसकट. हनुमंत तो खांद्यावर घेऊन यायचा, अगदी कोकरू घेतात तसा. आमच्या आजोबांनी मेंढरं विकली, पण घराण्याच्या खांद्यांची सवय काही गेली नव्हती.

आणि त्र्याण्णवची बिरोबाची जत्रा आठवते? ब्रगांझा साहेबांनाही आणलं होतं. ढोलांवरचा आपला धनगरी गजीचा नाच जरा थांबला तेव्हा हनुमंतने ढोलांच्या मधोमध तुला खुर्ची टाकली. अकरा वर्षांची तू, पाय जेमतेम जमिनीला टेकलेले. डोळे मिटून गज उचललास. तू वाजवत गेलीस तसा ढोलवाल्यांनी हळूच ठेका धरला, आणि शेवटी गावाने भंडारा उधळून तुला आणि साहेबांना पिवळंधमक करून टाकलं. साहेब रडत होते. (डोळ्यांत हळद गेली म्हणाले.) मी आयुष्यात इतकी सुखी पुन्हा कधी झाले नाही. आता आमच्यात वाजवणाऱ्यावर भंडारा टाकला नाही तर वाजवणं आवडलं नाही असा अर्थ होतो, हे खरं. पण ते जत्रेत! सभागृहात काय चालतं, कुठे गप्प बसायचं, हे वयाच्या साठीला कळायला नको? तुझ्या बापाला नाही कळलं.

असो. हनुमंत इथे माझ्याकडे बरा आहे. तुझा तो लहान चेलो रोज पुसतो. पुसताना आडवा केला की त्याच्या भोकातून अजून जत्रेतल्या भंडाऱ्याची चिमूट पडते, ती कपाळाला लावतो. हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही. तू कामात असशील. तब्येत जप, जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी आत्या,
कुशाबाई

ता. क. एकोणीस डिसेंबरला पुण्यात तुझा पुन्हा कार्यक्रम आहे असं पेपरात आलंय. हनुमंतने ते कात्रण टोपीत जपून ठेवलं आहे. (मला दाखवत नाही, पण टोपी धुवायला मीच घेते.) त्याला एक पास पाठव. एकच.

ता. क. दुसरा. धनू, भंडारा मी टाकला होता. तू डोळे मिटून गज उचललास आणि मला ती खुर्चीवरची अकरा वर्षांची पोर दिसली. पिशवीत हात कधी गेला ते कळलंच नाही. हनुमंत तर माझा हात धरत होता. घरी येताना टेम्पोत मी त्याला विचारलं, खोटं का बोललास? म्हणाला, “पोरगी बापावर रुसली तर आज ना उद्या बोलंल. तुझ्यावर रुसली तर तू अन्न सोडशील, आक्का.” नऊ महिने झाले. मी दोन्ही वेळा व्यवस्थित जेवते आहे, आणि तो निम्मी भाकरी ताटात ठेवून उठतो.

ता. क. तिसरा. दोन पास पाठवावेसे वाटलेच, तर अगदी शेवटच्या रांगेतले पाठव. तिथून माझा हात पोचायचा नाही.